शेवटच्या दिवसांत घरच्यांना सोबत करणारं माणूस : एंड ऑफ लाइफ डूला, कोणाला अनुभव आहे का?

सुमेधा_व
सासूबाईंना (वय ७९) स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. केमो झेपणार नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आणि त्यांच्यासकट आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. आता त्या घरीच आहेत, पुण्यात. दिवसा ब्युरोच्या मावशी असतात, रात्री मी आणि नवरा आलटून पालटून. औषधं, डायपर, अंग पुसणं हे सगळं जमतंय.

जमत नाहीये ते वेगळंच आहे. पुढे काय काय होणार हे कोणी नीट सांगत नाही. डॉक्टर म्हणतात, "काही वाटलं तर फोन करा." पण काय वाटलं तर? श्वास लागला तर ॲम्ब्युलन्स बोलवायची की नाही? परवा रात्री अडीच वाजता त्या मला म्हणाल्या, "सुमेधा, मला घरी ने गं." त्या घरातच होत्या, स्वतःच्या पलंगावर. मला काय बोलावं सुचेना.

इंग्लंडमधल्या चुलत नणंदेने सांगितलं की बाळंतपणात सोबत करणारी डूला असते, तशी तिकडे मरणाच्या वेळी सोबत करणारीही असते. ती औषध देत नाही, नर्सिंग करत नाही. घरच्यांना समजावते, जवळ बसते, आपल्याला झोपू देते. आपल्याकडे असं कोणी मिळतं का? आणि अशा दिवसांत परक्या माणसाला घरात घ्यावं का? मोकळेपणाने लिहा. मला ऐकायचं आहे.

अबोली७२
सुमेधा, मला अनुभव नाही, पण तुझ्या प्रश्नाने गलबलून आलं. वाचतेय. स्वतः जेवतेस ना वेळेवर?

काळीमाती
ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. आमच्या तासगावकडे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की भावकी येते, शेजारी येतात, रात्री भजनी मंडळ हरिपाठ म्हणायला बसतं. घरच्यांना चूलसुद्धा पेटवावी लागत नाही, चारी बाजूंनी डबे येतात. माणूस पैसे देऊन आणायचा आणि आईच्या उशाशी बसवायचा? मग आपण कशाला आहोत? शहरात सगळ्याचीच सर्व्हिस झालीय, आता मरणाचीही व्हायला लागली.

नीलमोहर
काळीमाती, डबे येतात हे खरं. माझं माहेरही गावचंच आहे. पण त्या गर्दीत पेशंटचं कूस बदलणं, तोंड पुसणं, रात्री उठणं कोण करतं? सून किंवा लेक. भेटायला आलेली माणसं उशाशी उभी राहून "किती वाळलीस गं" म्हणतात आणि डोळ्याला पदर लावतात. पेशंट ऐकत असतो. त्या माणसांना चहा करायचा तोही सुनेनेच.

हडसनकाठ
आमचा अनुभव न्यू जर्सीचा. बाबा (हाडाचे पुणेकर) शेवटची काही वर्षं आमच्याकडे होते, हार्ट फेल्युअर होतं. इथे दोन डॉक्टरांनी "आजार आपल्या गतीने गेला तर सहा महिने किंवा कमी" असं लिहून दिलं की मेडिकेअरमधून (म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी विम्यातून) हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा, मिळतं. नर्स, औषधं, पलंग, ऑक्सिजन सगळं त्यात येतं. पण नर्स ठरलेल्या वेळी येऊन जाते. मधला अख्खा दिवस आणि अख्खी रात्र घरच्यांचीच. आम्ही डूला घेतली ती त्या मधल्या वेळासाठी. तिचे पैसे मेडिकेअर देत नाही, खिशातूनच द्यावे लागतात.

पहिल्या दिवशी ती बाबांशी थोडं बोलली आणि मग आईला घेऊन स्वयंपाकघरात बसली. "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" असं विचारलं. आईला हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. आई म्हणाली, "ते जातील तेव्हा मी झोपलेली असेन, याची." त्यावर डूलाने सरळ सांगितलं की असं बऱ्याचदा होतं, माणूस जवळचे जरा बाजूला झाल्यावर जातो, आणि तसं झालं तर त्यात तुमचं काही चुकलं असं नसतं. शिवाय रात्रीच्या पाळ्या कागदावर लिहून काढल्या, म्हणजे आई ठरलेल्या वेळी निर्धास्त झोपेल.

९११ ला (इथला तातडीच्या मदतीचा नंबर) फोन करायचा नाही, हॉस्पिसला करायचा, हेही तिनेच पुन्हा पुन्हा आमच्याकडून वदवून घेतलं. ९११ ची माणसं आली की ती वाचवायलाच येतात. छाती दाबणं, नळ्या, सगळं सुरू होतं. हॉस्पिसचा नंबर तिने फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावला.

आणि एक गोष्ट. तिने विचारलं, बाबांच्या घरी सकाळी कसले आवाज असायचे? आम्ही म्हटलं, आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या सात पाचच्या बातम्या. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण म्हणाली, मग तेच लावा. काकाने पुण्याहून रोज फोनवर रेकॉर्ड करून पाठवल्या. बोलणं जवळजवळ थांबलं होतं तरी एकदा बातम्या संपल्यावर बाबा म्हणाले, "पाऊस आहे का खडकवासल्याला?"

काळीमाती, तुमचा मुद्दा कळतो. पण आमच्या गल्लीत कोण येणार होतं हरिपाठ म्हणायला?

चिंतूआजोबा
पाऊस आहे का खडकवासल्याला! अस्सल पुणेकर. असं मरण यावं.

ओपीडीवाला
मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये (आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणं) काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुमेधाताई, डूलाचा विचार नंतर करा. आधी पॅलिएटिव्ह टीम गाठा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वेदना फार असतात. वेदना आटोक्यात नसतील तर उशाशी कितीही प्रेमळ माणूस बसला तरी उपयोग नाही. तुम्ही पुण्यात आहात हे तुमचं नशीब. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. कॅन्सरच्या पेशंटसाठी, पूर्ण मोफत. काही दिवस पेशंटला नातेवाइकासह ठेवून घेतात, वेदना आणि उलट्या आटोक्यात आणतात, घरच्यांना शिकवतात आणि परत घरी पाठवतात. मुंबईत टाटा मेमोरियलचा स्वतंत्र विभाग आहे आणि वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस.

मॉर्फिनला घाबरू नका. "मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं", "सवय लागेल" हे आम्ही रोज ऐकतो. योग्य मात्रेत दिलं तर वेदना थांबते आणि माणूस पुन्हा बोलायला, चार घास खायला लागतो. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच. २०१४ मध्ये एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय. साध्या मेडिकलच्या दुकानात शोधत फिरू नका.

आता तुमचे प्रश्न. श्वास लागला तर आधी पाठीशी उशा देऊन बसतं करा, खिडकी उघडा, चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्या. याने खरंच आराम पडतो. त्यासाठीचं औषध टीम आधीच लिहून देते, ते घरात आणून ठेवायचं. आणि "मला घरी ने" म्हणाल्या तर "अहो, घरीच आहात" असा वाद घालू नका. विचारा, "घरी कोण कोण आहे?" बहुतेक वेळा त्या लहानपणचं घर सांगतील. सांगू द्या. मात्र हा गोंधळ अचानक वाढला तर लघवी तुंबलीय का, शौचाला किती दिवस झालं नाही, ताप आहे का, नवीन औषध सुरू झालंय का, हे बघून डॉक्टरांना लगेच कळवा. यातली बरीच कारणं दूर करता येतात.

सुमेधा_व
डॉक्टर, "घरी कोण कोण आहे" हे वाचून मी आज दुपारीच त्यांना विचारलं. त्यांनी वाईचं घर सांगितलं. पायरीपासून सुरुवात केली. गोठ्यातल्या म्हशीचं नावसुद्धा सांगितलं. नवऱ्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. वारज्याला उद्या फोन करते.

मुक्तछंद
इथे अमेरिकेतून उत्तर आलंय म्हणून विचारतो, परदेशातून विमानाने येणाऱ्या भावाचं काय करायचं? आमच्या आईच्या वेळी मी आणि बायकोने वर्षभर केलं. आईने स्वतः सांगितलं होतं की आयसीयू नको. शेवटच्या आठवड्यात मोठा भाऊ आला आणि "तुम्ही काहीच करत नाही आहात" म्हणून तिला एका बड्या खाजगी रुग्णालयात हलवलं. व्हेंटिलेटर लागला. काचेतून बघायचं, तेही ठरलेल्या वेळी. ती तिथेच गेली. बिल अजून फेडतोय, पण तो मुद्दा नाही. तिने सांगितलेलं तिच्या वाट्याला आलं नाही, ते जात नाही मनातून.

हडसनकाठ
मुक्तछंद, वाचून वाईट वाटलं. लांब राहणाऱ्यांच्या बाजूने एकच सांगते. आम्ही फोनवर "बरी आहे" एवढंच ऐकत असतो. विमानातून उतरून एकदम हाडांचा सापळा दिसतो आणि माणूस हादरतो. आमच्या डूलाने भारतातल्या काकाला आणि आत्याला दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर घ्यायला लावलं आणि काय बदललं ते स्वतः सांगितलं. बाहेरच्या माणसाने सांगितलं की भांडण होत नाही, कारण तिला ना इस्टेटीत रस, ना जुन्या रागलोभात.

चिंतूआजोबा
मी ७८ वर्षांचा आहे. इथे सगळे शुश्रूषा करणारे बोलताहेत, म्हणून जाणाऱ्यांच्या वतीने चार शब्द.

मी लिव्हिंग विल केलं आहे, म्हणजे पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात याला मान्यता दिली, पण तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. आपल्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावं त्यात लिहायची, एकाहून जास्त लिहिता येतात. मी मुलगी आणि पुतण्या अशी दोघांची लिहिली. दोघांना समोर बसवून वाचून दाखवलं. मुलगी रडली, मग आम्ही भेळ खाल्ली.

इथे मुंबईकरांनी आठवावं की या सगळ्या चर्चेची सुरुवात केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्यापासून झाली. त्या तिथल्याच परिचारिका. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून २०१५ पर्यंत त्या भान हरपून तिथे पडून होत्या आणि परिचारिकांनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं. उपचार थांबवू देण्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल त्यांच्याच नावाने आहे.

माझ्या अटी साध्या आहेत. दुखू देऊ नका. जबरदस्तीने भरवू नका. आणि हंगाम असेल तर आमरसाचं एक बोट जिभेला लावा, शुगर कितीही असो.

अबोली७२
आजोबा, आमरस मंजूर! हापूस की पायरी तेवढं विलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर मुलगी आणि पुतण्यात वाद व्हायचे.

चिंतूआजोबा
पायरी. साक्षीदार म्हणून तुझी सही घेतो.

गवतीचहा
जबरदस्तीने भरवू नका यावरून आठवलं. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-पाणी आणि औषध सोडलं होतं आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. मग पेशंट खात नसेल आणि आपण भरवलं नाही, तर ते तसंच झालं का? आमच्याकडे "उपाशी मारलं" असं बोलणारे नातेवाईक आहेत, म्हणून विचारतेय.

तिरफळ
गवतीचहा, दोन्ही वेगळं. विनोबांनी स्वतः ठरवून अन्न सोडलं. शेवटच्या आजारात शरीरच अन्न घेईनासं होतं. भूक जाते, गिळणं जातं. तेव्हा भरवलं तर घास श्वासनलिकेत जायची भीती. सलाईन चढवलं तर पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, छातीत घरघर वाढते. नातेवाइकांना एवढंच सांगा की ती खात नाही म्हणून जात नाहीये, ती जातेय म्हणून खात नाहीये.

मी गोव्यात नर्स आहे, आता घरोघरी जाऊन काम करते. आमच्याकडे लोटलीला शांती आवेदना सदन आहे, तिथल्या सिस्टर्सना काम करताना बघून मी खूप शिकले. सुमेधा, तुझा खरा प्रश्न "पुढे काय होणार" हा आहे, तर सांगते. घाबरवायला सांगत नाहीये. माहीत असलं की भीती निम्मी होते.

झोप वाढत जाते. दिवसातले वीस-वीस तास झोप. मग पाणीही नको होतं. तेव्हा चमच्याने पाणी ओतायचं नाही. बोटाला स्वच्छ गॉज गुंडाळायचा, पाण्यात बुडवून पिळायचा आणि गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलकेच फिरवायचा. दर दोन तासांनी. ओठांना साजूक तूप. हे काम घरातल्या नातवंडांनाही देता येतं आणि त्यांना ते करायला मिळालं की तीही घाबरत नाहीत.

कूस बदलायची तीही साधारण दोन तासांनी. गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत. आता शेवटचा भाग. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जांभळी नक्षी दिसते. श्वास बदलतो. भराभर घेतात, मग थांबतो, आपण मोजत राहतो, मग पुन्हा सुरू. घशात घरघर येते. ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण त्या माणसाला त्याचा त्रास सहसा जाणवत नाही. कुशीवर वळवायचं, डोकं थोडं उंच. घरघर कमी करायला औषध असतं ते द्यायचं. सक्शनची नळी घालून उगाच छळायचं नाही. ऐकू शेवटपर्यंत येत असतं असं धरून चालायचं, म्हणून खोलीत हिशेब आणि भांडणं नकोत.

नाजनीन_मालेगाव
तिरफळ, हे प्रिंट काढून ठेवतेय.
माझ्या नानीच्या वेळी मोहल्ल्यातल्या बायका रोज यासीन (कुराणातला अध्याय) पढायला यायच्या. सुकून मिळायचा, नानीचा चेहरा शांत व्हायचा. पण अम्मी तीन बाजूंनी खचत होती ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तिला नमाजलासुद्धा निवांत बसता येत नव्हतं. एक दिवस पलीकडच्या शकुंतलाकाकू आल्या, त्या निवृत्त अंगणवाडी सेविका. त्या नानीकडे गेल्याच नाहीत. अम्मीच्या केसांना तेल लावलं, तिला झोपवलं आणि मग नानीपाशी जाऊन बसल्या. मग रोज येऊ लागल्या. डूला म्हणजे हेच असेल, तर आमच्याकडे ती गल्लीतच होती. फक्त एवढंच की ती योगायोगाने होती. योगायोगावर सोडू नये असं मला वाटतं.

नीलमोहर
नाजनीन, अगदी! आणि इथे अजून कोणी ब्युरोच्या मावशींबद्दल बोललं नाही, म्हणून मी बोलते.

माझ्या वडिलांकडे ज्या मावशी होत्या त्यांनी इतकी मरणं पाहिली होती की त्या शेवटच्या काळातलं कोणत्याही डॉक्टरपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. एका सकाळी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, नखं बघा. बहिणीला आजच बोलावून घ्या." बहीण दुपारी पोहोचली, बाबा रात्री गेले. मावशींनीच त्यांना शेवटचं पुसलं, हनुवटीला पट्टी बांधली, डोळे मिटवले. दुसऱ्या दिवशी ब्युरोचा फोन आला की मावशींना नवीन केस लागलीय. एक दिवस सुट्टी नाही, कोणी त्यांना विचारलं नाही की तुम्हाला काय वाटतंय.

परदेशी कोर्स करून आलेल्या कोणाला आपण डूला म्हणून मोठी फी देऊ, आणि हे सगळं येणाऱ्या बाईला "बाई" म्हणून बारा तासांचा हिशेब करू, हे मला सहन होत नाही. शिकवायचं असेल तर आधी या बायकांना शिकवा. वेदना कशी ओळखायची, मॉर्फिनच्या नोंदी कशा ठेवायच्या, कधी फोन करायचा. आणि पगार त्या मानाने द्या.

ओपीडीवाला
नीलमोहर, शंभर टक्के सहमत. आणि काळीमाती, तुमच्यासाठी केरळचं उदाहरण देतो. कोझिकोड आणि मलप्पुरम भागात शेजारपाजारच्या सामान्य माणसांनीच हे काम उभं केलं. विद्यार्थी, दुकानदार, निवृत्त शिक्षक. आठवड्यातले थोडे तास द्यायचे, थोडं शिकून घ्यायचं, गल्लीतला पेशंट बघायचा, पाठीशी नर्स आणि डॉक्टर. २००८ मध्ये केरळने पॅलिएटिव्ह केअरचं सरकारी धोरण केलं, असं करणारं ते पहिलं राज्य. तुमचं भजनी मंडळ आणि हे यांत फरक फक्त प्रशिक्षणाचा आहे.

डूलाबद्दल एक सावधगिरी. अमेरिका-इंग्लंडमध्येही यासाठी सरकारी परवाना लागत नाही. वेगवेगळ्या संस्था आपापली प्रमाणपत्रं देतात. त्यामुळे भारतात कोणी ऑनलाइन कोर्सच्या जोरावर सेवा देत असेल, तर विचारा : याआधी किती घरांत बसला आहात, कोणत्या डॉक्टरांबरोबर काम करता, रात्री फोन घेता का. आणि जो "औषधं बंद करा, मी बघतो" म्हणेल त्याला दारातूनच नमस्कार.

काळीमाती
डॉक्टर, हे पटलं. पैशाचं मला अजूनही खटकतं, पण नीलमोहरताईंनी सुनेबद्दल लिहिलं ते वाचून घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आत्यांच्या वेळी तुम्ही ओट्यावर भजनाला बसला होता, आत कोण होतं?" आमच्या मंडळात बारा-पंधरा पोरं आहेत. कूस बदलायला आणि उचलायला पोरंच लागतात. त्यांना शिकवायला कोणी येईल का तासगावला?

ओपीडीवाला
येईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

गवतीचहा
एअर मॅट्रेस विकत घ्यावी की भाड्याने? थोडं अवांतर आहे, पण इथेच विचारते.

तिरफळ
भाड्याने. आणि ती लावली म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. बेडसोअर मॅट्रेस असूनही होतात.

सुमेधा_व
सगळ्यांचे आभार. वारज्याला जाऊन आलो. आईंचं दुखणं बरंच उतरलंय, दोन वेळा वरणभात खाल्ला. तिथल्या समुपदेशक बाईंनी आमच्यासमोर आईंनाच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" आम्ही श्वास रोखून बसलो होतो की त्या काय ऐकवणार. त्या म्हणाल्या, "मला माहितीये मी चाललेय. हे दोघं माझ्यासमोर खोटं हसतात, ते बंद करायला सांगा." त्या दिवसापासून घरात खरंच मोकळं वाटतंय. शेवटचं हॉस्पिटलमध्ये नको, घरीच, हेही त्यांनीच सांगितलं. नवऱ्याने दिराला फोन लावून त्यांच्याच तोंडून ते ऐकवलं. मुक्तछंद, तुमची पोस्ट वाचून.

डूला मिळाली नाही. पण मावशींना दिवसाऐवजी रात्रीचं विचारलं, जास्त पगार ठरवला, आणि तिरफळचं लिखाण त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय बाईंनी." आता रात्री त्या आणि मी आळीपाळीने.

आता एक रुक्ष प्रश्न. घरी गेल्या तर कागदपत्रांचं काय? पोलिसांना कळवावं लागतं का? शिवाय त्यांना नेत्रदान करायचंय, कॅन्सर असताना चालतं का?

ओपीडीवाला
रुक्ष नाही, हे आधीच विचारलंत ते उत्तम.

आजारपणातला नैसर्गिक मृत्यू असेल तर पोलिसांचा संबंध नाही. उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात, घरच्या मृत्यूसाठी तो फॉर्म ४अ. अडचण एकच येते : ज्या डॉक्टरांनी पेशंटला अलीकडे पाहिलं नाही ते सही करायला कचरतात. म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरांना या आठवड्यात घरी बोलवा, कागद दाखवा, आणि रात्री-अपरात्री ते येतील का हे स्पष्ट विचारून घ्या. ते गावाला जाणार असतील तर दुसऱ्या कोणाचं नाव घेऊन ठेवा. आईंच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, निदानाचे रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी एका फाइलमध्ये. स्मशानाच्या पाससाठी तोच दाखला लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, नंतर विलंब शुल्क आणि जास्तीचे कागद लागतात.

नेत्रदान चालतं. रक्ताचा कॅन्सर किंवा लिम्फोमा असेल तर घेत नाहीत, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये सहसा अडचण नसते, अंतिम निर्णय नेत्रपेढीचा. सहा तासांच्या आत व्हायला हवं, म्हणून नंबर आजच फोनमध्ये घाला. गेल्यावर पापण्या मिटवा, त्यावर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, डोक्याखाली उशी आणि पंखा बंद.